औषध मारण्यापूर्वी

मराठीत एक शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्यातील विसंगती आता कोणाच्या कानाला खटकत नाही. पिकावर कीटकनाशक फवारण्याला 'औषध मारणे' असे म्हणतात. औषध हा जीव वाचविणारा शब्द, मारणे हा जीव घेणारा. दोन्ही एकत्र आले आणि बाटलीत आहे ते विष आहे, ही गोष्ट बोलण्यातून निसटून गेली. हा शब्द शेतात वापरला जातो तोवर शहरातील गृहस्थाला त्याचा फारसा विचार करावा लागत नाही. परंतु घराच्या गच्चीवर टोमॅटोची सहा रोपे वाढत असतात, मार्गशीर्षाच्या अखेरीस एका सकाळी अर्धवट पिकलेल्या फळावर गोल भोक दिसते, त्यात तोंड खुपसून बसलेल्या हिरव्या अळीचे मागचे अर्धे शरीर बाहेर असते, आणि दहा वर्षांचा नातू धावत येऊन विचारतो, "आजी, औषध मारू का?" त्या क्षणी तो प्रश्न शेताचा राहत नाही, घराचा होतो.

अशी आजी आणि असा नातू आज अनेक घरांत आहेत. त्या घरात पाणी गाळून घेतले जाते, सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, जमिनीखालचा कंद स्वयंपाकघरात येत नाही. अशा घरात या प्रश्नाला 'हो' म्हणता येत नाही. पण तीन महिने जपलेले झाड डोळ्यांदेखत पोखरले जात असताना नुसते 'नाही' म्हणूनही भागत नाही, कारण 'मग करायचे काय?' हा नातवाचा पुढचा प्रश्न तयार असतो. त्याचे पुरेसे उत्तर त्या सकाळी सापडणे कठीण असते. ते बी पेरण्यापूर्वीच शोधून ठेवावयाचे असते. पर्युषण व दशलक्षण पर्वांचे दिवस म्हणजे पेरणीचा काळ तोंडावर आलेले दिवस. म्हणून त्याचा विचार आत्ताच करणे सयुक्तिक ठरेल.

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातला. मेक्सिकोत त्याची लागवड वाढली, तेथून स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात गेला आणि पोर्तुगीजांबरोबर भारतात आला. वांगे, मिरची, बटाटा व तंबाखू ही सारी त्याची भावंडे. बटाटा जमिनीखाली वाढतो म्हणून जैन घराबाहेर राहिला. टोमॅटो उन्हात आणि वाऱ्यात पिकतो म्हणून आत आला. बहुबीज असल्याने काहींनी त्याच्या त्यागाचा नियम घेतलेला असतो, तो त्यांनी पाळावा. परंतु जेथे तो चालतो तेथे त्याच्यावाचून फार अडते. कांदा-लसूण नसलेल्या रश्श्याला दाटपणा, रंग आणि आंबटपणा देण्याचे काम तो एकटा करतो. २०२३ च्या जुलैत देशातील अनेक शहरांत टोमॅटोचा किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा ही गोष्ट घरोघरी जाणवली आणि अनेक गच्च्यांवर कुंड्या आल्या. कुंड्या आल्या तशा अळ्याही आल्या.

येथे शास्त्राचा आधार पाहिला पाहिजे. शेती ही जैन परंपरेला परकी नाही. भगवान ऋषभदेवांनी लोकांना जी षट्कर्मे शिकविली असे मानतात, त्यांत असि आणि मसि यांच्यानंतर कृषीचे नाव येते. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाचा मोठा भाग तर पिढ्यान्‌पिढ्या शेतकरीच आहे. शेतीत हिंसा होत नाही, असे कोणीच म्हटलेले नाही. आचार्यांनी गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले: घरकामात होणारी आरंभी, उपजीविकेसाठी होणारी उद्योगी, संरक्षणासाठी होणारी विरोधी आणि मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाहीत, त्या कमी कराव्यात; चौथी मात्र सोडलीच पाहिजे. त्रस जीवांची संकल्पी हिंसा न करणे हेच अहिंसाणुव्रताचे मर्म होय.

कुंडीतील माती उकरणे, पाणी घालणे, फांदी छाटणे यांत पृथ्वीकाय, अप्काय व वनस्पतिकाय जीवांची विराधना आहे. ती आरंभी होय. परंतु फवारणीची बाटली हातात घेऊन अळीवर रोखणे हा संकल्प आहे. मग यातून मार्ग कोणता? उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राणघाताच्याही आधी प्रमादाचा उल्लेख केला आहे, हे येथे ध्यानी घेण्यासारखे आहे. टोमॅटोच्या कुंडीपाशी उभे राहिले की त्या क्रमाचा अर्थ फार स्पष्ट होतो. मारण्याची वेळ शेवटी येते. तिच्याआधी निष्काळजीपणाच्या चार-पाच पायऱ्या होऊन गेलेल्या असतात. त्या पायऱ्यांवर सावध राहिले तर बहुतेक वेळा बाटली हातात घेण्याचा प्रसंगच येत नाही. जैन आचारात ज्याला यतना म्हणतात, तीच उत्तम बागायतही आहे.

पहिली पायरी ऋतूची. पावसाळ्यात जीवोत्पत्ती उदंड होते, म्हणून साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवितात. टोमॅटोलाही हाच संयम मानवतो. भर पावसात लावलेल्या रोपाची पाने सतत ओली राहतात आणि करपा पडतो. उन्हाळ्यात लावले तर उष्ण, कोरड्या हवेत पांढरी माशी फोफावते आणि दिवसाचे तापमान ३५ अंशांवर गेले की फुले गळतात. रात्रीचे तापमान १५ ते २० अंश असते तेव्हा फळ उत्तम धरते. फळाला लाल रंग देणारे लायकोपीनही २० ते २५ अंशांत चांगले तयार होते आणि ३० च्या वर ते घटल्याने फळ पिवळट राहते. म्हणून क्षमावणी झाल्यावर, भाद्रपदाच्या उत्तरार्धात किंवा आश्विनात बी टाकावे. ते आठवडाभरात उगवते. पंचवीस ते तीस दिवसांनी, महावीर निर्वाणाच्या म्हणजे दिवाळीच्या सुमारास, रोपे मोठ्या कुंडीत लावावीत. त्यानंतर साधारण दोन ते अडीच महिन्यांत पहिली फळे पिकतात. थंडीत पांढरी माशी व बुरशी दोन्ही मंदावतात. केवळ तिथी पाहून पेरणी केली तरी निम्मे भांडण सुरू होण्यापूर्वीच मिटते.

दुसरी पायरी मातीची. आणि येथे जैन कुटुंबाने एक प्रश्न आवर्जून विचारला पाहिजे. रोपवाटिकेत मिळणाऱ्या तयार मातीत पुष्कळदा 'बोनमील' म्हणजे हाडांचा चुरा मिसळलेला असतो. स्फुरद आणि कॅल्शियम मिळावे म्हणून तो घालतात. याच कारणासाठी अंड्यांची टरफले घालण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. ज्या घरात औषधाच्या गोळीवरचे वेष्टन जिलेटिनचे आहे का हे विचारले जाते, तेथे मातीच्या पिशवीविषयीही विचारावे. या दोन्ही वस्तूंवाचून काहीही अडत नाही. बागेची माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि नारळाच्या भुशाचे कोकोपीट समान भाग घ्यावे. स्फुरदासाठी खनिज रॉक फॉस्फेट मिळते, पालाशासाठी चुलीची चाळलेली राख चिमूटभर पुरते आणि माती आम्ल असेल तर थोडा चुना घालता येतो.

शेणखत पूर्ण कुजलेले हवे, यालाही दुहेरी कारण आहे. कच्च्या शेणात हुमणीसारख्या किडी वाढतात आणि त्याच पुढे मुळे खातात. मग त्यांच्यासाठी माती प्लास्टिकखाली झाकून उन्हात तापवावी, असे सांगितले जाते. मातीतील जीव मरावेत हाच त्या कृतीचा हेतू असतो; म्हणजे एका आळसातून एक संकल्प जन्माला येतो. काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत निवडले तर ही वेळ येत नाही. गांडुळांविषयीही असाच विचार हवा. गांडूळ हा द्वीन्द्रिय जीव आहे. शेतातील गार मातीत तो सुखाने राहतो. परंतु गच्चीवरील कुंडी दुपारी तापते आणि त्याला पळून जायला जागा नसते. कुंडीत गांडूळखत घालायचे तर त्यातील गांडुळे आधी हलक्या हाताने वेगळी करून बागेच्या ओलसर, सावलीतल्या मातीत सोडावीत.

तिसरी पायरी वाणाची आणि जाळीची. टोमॅटोचा सर्वांत दुर्धर रोग म्हणजे पाने आकसून वर वळणारा, झाड खुरटविणारा बोकड्या अथवा चुरडा-मुरडा. तो विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. विषाणू एकदा झाडात शिरला की जगातील कोणतेही औषध त्याला बरे करू शकत नाही. त्यानंतर माश्या मारणे ही फळ न देणारी हिंसा ठरते. म्हणून आधीच प्रतिकारक्षम वाण घ्यावा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला 'अर्का रक्षक' हा संकरित वाण बोकड्या, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना दाद देत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'धनश्री' व 'भाग्यश्री' हे वाणही महाराष्ट्रात परिचित आहेत. बी पुढच्या वर्षासाठी राखायचे असेल तर 'पुसा रुबी'सारखा सरळ वाण घ्यावा, कारण संकरित वाणाचे बी पेरल्यास आईचे गुण तसेच्या तसे उतरत नाहीत.

पेरलेल्या दिवसापासून रोपांवर बारीक विणीची जाळी घालावी. जुनी मच्छरदाणी उपयोगी पडते, मात्र पांढरी माशी डासापेक्षा कितीतरी बारीक असल्याने ती दुहेरी करून किंवा पातळ मलमल वापरून घ्यावी. कडा मातीत दाबून टाकाव्यात. रोगाची लागण जितक्या कोवळ्या वयात होते तितके नुकसान मोठे असते. म्हणून फुले येईपर्यंतचे पहिले सहा-सात आठवडे ही जाळी राहिली, तर त्या माशीचा आणि झाडाचा वैरभाव जुळतच नाही. माशी मरत नाही, झाडही मरत नाही. दोघांमध्ये एक कापड असते, इतकेच.

याच पायरीवर आणखी एका सवयीचा उल्लेख केला पाहिजे. तंबाखू ही टोमॅटोची भाऊबंद असल्याने तिच्यावरील मोझॅक विषाणू टोमॅटोलाही लागतो, आणि तो वाळवून तयार केलेल्या तंबाखूतही टिकून राहतो. तंबाखू मळलेल्या किंवा विडी धरलेल्या हातांनी रोपे हाताळली तर रोग हातातून झाडात जातो. गड्याला वा माळ्याला रोपांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुण्यास सांगावे. व्यसनाचा त्रास केवळ व्यसनी माणसापुरता राहत नाही, याचे हे लहानसे उदाहरण आहे.

चौथी पायरी पाण्याची. एका झाडाला किमान बारा इंच रुंद व तितकीच खोल, पंधरा-वीस लिटर माती मावेल अशी कुंडी द्यावी. रोप लावताना खालची दोन पाने काढून खोड थोडे खोल पुरावे. टोमॅटोच्या पुरलेल्या खोडाला मुळे फुटतात आणि झाड बळकट होते. बांबूचा आधार आणि सैल सुतळी पहिल्याच दिवशी द्यावी, म्हणजे नंतर काठी खुपसताना मुळे तुटत नाहीत. रोज किमान सहा तास ऊन मिळावे. पाणी सकाळी, पानांवर न उडवता बुंध्याशी, सावकाश घालावे. बोट एक पेर मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी घालू नये. अकारण पाणी सांडणे, अकारण माती खणणे आणि अकारण पाने तोडणे यांना अनर्थदंडात प्रमादचर्या म्हटले आहे. बागेचे शास्त्रही त्याच गोष्टींना दोष मानते, कारण चिखलात मुळे गुदमरतात आणि ओल्या पानांवर करपा बसतो.

पाण्याची ही शिस्त मोडली की एक विचित्र गोष्ट घडते. हिरव्या फळाच्या बुडाशी तपकिरी-काळा, चामड्यासारखा खोलगट डाग पडतो. घरातील माणसे त्याला कीड समजतात, दुकानदार बाटली देतो आणि जेथे एकही दोषी जीव नाही तेथे फवारणी होते. वास्तविक हा रोग नव्हे, कीडही नव्हे. झाडात कॅल्शियम पाण्याबरोबर वाहते. चार दिवस कोरडे आणि पाचव्या दिवशी पूर असे पाणी दिले की ते फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून बूड कुजते. यावर उपाय एकच: रोज थोडे, नेमाने. खतातही अतिरेक नको. नत्र फार झाले तर झाड गर्द हिरवे आणि लुसलुशीत दिसते, पण त्याच कोवळेपणावर मावा व पांढरी माशी तुटून पडतात. दर पंधरा-वीस दिवसांनी दोन मुठी कुजलेले खत पुरे. जमिनीला टेकणारी खालची पाने मात्र वेळीच काढावीत. मातीतील बुरशी पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर प्रथम त्यांच्यावर येते.

पाचवी पायरी फुलांची. टोमॅटोचे फूल स्वतःच स्वतःचे परागण करते, परंतु त्याचे पराग एका बंद नळीत असतात आणि फूल थरथरले तरच बाहेर पडतात. भुंगे फुलाला धरून पंखांचे स्नायू कंप पावतील असा गुंजारव करतात आणि पराग झरतात. दशवैकालिक सूत्राच्या पहिल्या अध्ययनात साधूच्या भिक्षेला याच भ्रमराची उपमा दिलेली आहे: फुलाला इजा न करता तो थोडे थोडे घेतो. टोमॅटोच्या बाबतीत तर तो नुसता घेत नाही, घेता घेता फळ देऊन जातो. फुले आल्यावर जाळी काढावी लागते ती त्याच्यासाठी. या काळात विषाची फवारणी केली तर प्रथम बळी जातो तो याच चतुरिन्द्रिय पाहुण्याचा. त्याचा अपराध काहीच नसतो. भुंगा येत नसेल अशा उंच इमारतीत सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाची काडी बोटाने हलकेच टिचकावी, म्हणजे काम भागते.

आता पुन्हा त्या अळीकडे यावे. फळ पोखरणारी ही अळी हरभऱ्यावर घाटे अळी म्हणून ओळखली जाते. तूर, कापूस, झेंडू यांवरही ती राहते. तिचा पतंग रात्री येतो आणि शेंड्याची पाने व फुले यांवर एकेक सुटे अंडे घालतो. अळी फळात शिरल्यानंतर वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत फारसे पोहोचतच नाही. ते फळाच्या सालीवर राहते आणि घरातील माणसांच्या पोटात जाते. म्हणजे 'औषध मारू का?' या प्रश्नाचे उत्तर व्यवहाराच्या दृष्टीनेही नकारार्थीच आहे. ती येण्यापूर्वी दोन गोष्टी करता येतात. फळे सुपारीएवढी झाली की घोसांवर मलमलीच्या लहान पिशव्या सैल बांधाव्यात. आणि टोमॅटोबरोबरच, त्यांच्या फुलांच्या वेळी फुलतील अशा बेताने, झेंडूच्या दोन कुंड्या लावाव्यात. या पतंगाला झेंडूचे फूल आवडते, म्हणून टोमॅटोच्या शेतातही झेंडूची ओळ लावण्याची शिफारस आहे. शेतात तो सापळा असतो; गच्चीवर त्याला अन्नछत्र करता येते.

इतके करूनही काही फळे जाणारच. बँक कर्जे देते तेव्हा त्यांतील काही बुडणार हे जाणून ती आधीच तरतूद करून ठेवते; त्यामुळे एखादे कर्ज बुडाले तरी व्यवहार कोलमडत नाही. गच्चीच्या हिशेबातही अशी तरतूद असावी. कुटुंबाला पाच झाडे पुरत असतील तर सहावे लावावे आणि पहिल्या दिवशीच ते आपले नाही असे ठरवावे. सहाही झाडांच्या फळांवर पूर्ण हक्क मानला की प्रत्येक भोकाला चोरी म्हणावेसे वाटते. हक्काची ही रेघ थोडी अलीकडे ओढणे म्हणजे परिग्रहपरिमाणच होय.

येथे एका सोयीस्कर समजुतीचाही निरोप घेतला पाहिजे. पुष्कळ धर्मनिष्ठ घरांत रासायनिक विष वर्ज्य मानतात. परंतु निंबोळी अर्क, साबणाचे पाणी किंवा पिवळे चिकट कागद यांना 'नैसर्गिक' म्हणून निर्दोष समजले जाते. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन अळीची भूक मारते आणि तिला कात टाकू देत नाही. त्यात ती मरते. साबणाच्या पाण्याने माव्याच्या अंगावरचे आवरण बिघडते, श्वासाची छिद्रे बुजतात आणि तो मरतो. चिकट कागदावर पांढऱ्या माशीबरोबर जो उडता जीव येईल तो तडफडून मरतो. माणसाच्या पोटासाठी व मातीसाठी हे उपाय रसायनांपेक्षा पुष्कळ बरे, यात शंका नाही. परंतु नैसर्गिक म्हणजे अहिंसक नव्हे. वापरायचे की नाही हे ज्याने त्याने आपल्या व्रताला विचारून ठरवावे. मात्र वापरताना आपण काय करीत आहोत हे स्वतःपासून लपवू नये. माव्यासाठी सौम्य मार्ग आहे: त्याची वसाहत प्रथम एखाद-दुसऱ्या शेंड्यावर असते; तेवढा शेंडा अलगद खुडून त्या सहाव्या झाडावर नेऊन ठेवावा. यासाठी रोज सकाळी पाच मिनिटे पानांची खालची बाजू पाहावी लागते. पाच मिनिटांचा आळस केला की आठवड्याने साबणाची बाटली आठवते.

सर्वांत कठीण निर्णय अळीचा नसतो, झाडाचा असतो. सारी काळजी घेऊनही एखाद्या झाडाचा शेंडा आकसतो, पाने चुरडतात आणि बोकड्या आला हे स्पष्ट होते. ते झाड उभे ठेवले तर पांढरी माशी त्याच्यावरून उरलेल्या पाचांवर रोग नेईल. उपटले तर एका एकेन्द्रिय जीवाचा आणि त्याच्या पानांआडच्या कित्येक सूक्ष्म जीवांचा आधार जाईल. येथे निष्कलंक असा मार्ग नाही, आणि तो आहे असे भासविणे हेही एक असत्यच. दुसरी दूरची जागा असेल तर ती कुंडी तेथे नेऊन, जाळीखाली, झाडाचे आयुष्य संपेपर्यंत ठेवावी. नसेल तर गृहस्थाला ते झाड काढावे लागते. काढताना त्याची पाने पहाटेच्या गारव्यात, माश्या सुस्त असताना, हलकेच झटकावीत, आणि संध्याकाळच्या प्रतिक्रमणात त्या झाडाची आठवण ठेवावी. आरंभी हिंसा अपरिहार्य असते, याचा अर्थ ती क्षुल्लक असते असा नाही.

फळ गुलाबी झाले की तोडावे. घरात ते दोन-तीन दिवसांत पिकते आणि वेलीवर अति पिकून किडण्याची वेळ येत नाही. चिरण्यापूर्वी प्रत्येक फळ देठाशी व बुडाशी निरखावे. भोक दिसले तर सुरी चालवू नये, फळ तसेच झेंडूच्या कुंडीत ठेवावे. बी राखण्यासाठी गर दोन-तीन दिवस आंबवावा असे पुस्तकांत सांगितलेले असते. जैन घरात ते रुचणार नाही. बियांभोवतीचा बुळबुळीतपणा कोरड्या राखेत चोळून, गाळलेल्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळविले तरी बी चांगले राहते. हंगाम संपल्यावर कुंडीतील माती लगेच उकरू नये. फळ पोखरणारी अळी कोषावस्थेत मातीत झोपते. शेतकरी ते कोष उघडे पडून मरावेत म्हणून नांगरट करतो. गच्चीवर मात्र दोन-तीन आठवडे थांबले की त्यांतील बहुतेक पतंग उडून जातात. ते पुन्हा येतील हे खरे. त्यांच्यासाठी जाळी, पिशव्या, झेंडू आणि ते सहावे झाड आहेच.

ज्या घरात हे सारे आधी ठरलेले असते, तेथे त्या सकाळच्या प्रश्नाचे उत्तर तयार असते. आजी नातवाला बाटली देत नाही, कात्री देते. तो भोक पडलेले फळ देठासह कापतो, अळी आत असतानाच ते ओंजळीत धरून झेंडूच्या कुंडीपाशी नेतो आणि ठेवता ठेवता थबकतो. "आजी, इथे तिला चिमणीने खाल्ले तर?"

"खाईलही, बाळा," आजी म्हणते. "चिमणीचे आपल्या हातात नाही. आपल्या हातांनी काय करायचे, तेवढे आपल्या हातात आहे."

नातवाचे पूर्ण समाधान होत नाही, आणि व्हावे अशी अपेक्षाही नाही. परंतु खाली उतरण्यापूर्वी तो उरलेल्या फळांवर मलमलीच्या पिशव्या बांधतो. त्या दहा दिवसांपूर्वीच बांधायच्या राहून गेलेल्या असतात.